नैर्ऋत्येचा वारा आणि निसर्गकवींची आशा

रोहिणी नक्षत्र संपत आलें कीं मिठबावच्या किनाऱ्यावर वाऱ्याची दिशा बदलते. उन्हाळाभर वायव्येकडून येणारा खारा वारा मंदावतो आणि नैर्ऋत्येकडून जड, ओला वारा वाहूं लागतो. समुद्राचें पाणी मातकट दिसूं लागतें, गजबादेवीच्या देवळाखालच्या खडकांवर लाटांचा आवाज वाढतो, आणि होड्या पाण्याबाहेर ओढून माडाच्या झापांनीं शाकारण्याची घाई सुरू होते. हा वारा कोंकणाला जगवणारा आहे. पावसाळ्याच्या चार महिन्यांत शंभर इंचांहून अधिक पाऊस तो या पट्टींत आणतो. विहिरी भरतात त्या त्याच्यामुळें, आणि भात पिकतें तेंही त्याच्यामुळेंच. परंतु समुद्राची वाट बंद करणारा आणि उशीर झालेल्या गलबताला न सोडणारा वाराही हाच. अन्नदाता आणि संहारक अशा या दोन रूपांकडे एकाच वेळीं डोळे उघडे ठेवून पाहतां येईल काय, आणि तसें पाहिल्यावर मनांत आशा शिल्लक राहील काय, हा प्रश्न किनाऱ्यावरच्या माणसाला नवा नाहीं. निसर्गावर कविता लिहिणाऱ्यांनाही तो टाळतां आलेला नाहीं. त्यांनीं त्याचें उत्तर कसें दिलें, याचा थोडा इतिहास आज पाहावयाचा आहे.

निसर्गकवितेविषयीं आपल्या सुशिक्षित घरांतून एक समज रूढ आहे. शाळेंत बालकवींची ‘आनंदी आनंद गडे’ पाठ केलेली असते, कॉलेजांत वर्डस्वर्थची डॅफोडिल फुलांवरची कविता वाचलेली असते, आणि एवढ्यावरून आपण ठरवून टाकतों कीं हे कवि मोठे सुखी जीव होते. सृष्टीची हंसरी बाजू तेवढी त्यांनीं पाहिली. दुष्काळ, साथ, वादळ हीं त्यांच्या खिडकीपर्यंत कधीं आलींच नाहींत. म्हणून त्यांची आशा ही पोटभर जेवलेल्या माणसाची आशा आहे! हा समज चार-दोन कवितांच्या आठवणीवरून बनलेला आहे. कवितांच्या शेजारीं त्या कवींच्या आयुष्यांतील तारखा मांडून पाहिल्या, तर निराळेंच चित्र दिसूं लागतें.

तें पाहण्यापूर्वीं दोन शब्दांतील भेद ध्यानांत ठेवला पाहिजे. आशावाद आणि आशा या दोन वस्तु एक नव्हेत. पौष-माघांत देवगडकडच्या कलमांवर मोहर येतो. तो पाहून वैशाखांतल्या पेट्या मोजूं लागतो तो आशावादी. धुकें पडेल, तुडतुडा लागेल, अवकाळी पाऊस सगळा मोहर झाडून नेईल, हें सारें जाणूनही जो झाडाची निगा सोडीत नाहीं, त्याच्यापाशीं असते ती आशा. आशावादाला चांगल्या शेवटाची खात्री हवी असते. आशेला ती खात्री नसली तरी चालते. रोमँटिक म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कवींची कविता वाचतांना या दोहोंची गल्लत झाली कीं त्यांच्यावर अन्याय होतो.

आतां वर्डस्वर्थचेंच उदाहरण घेऊं. त्याचा जन्म १७७० चा. फ्रान्सांत १७८९ सालीं राज्यक्रांति झाली तेव्हां तो एकोणीस वर्षांचा होता. पुढें १७९१-९२ सालीं तो स्वतः फ्रान्सांत राहिला, आणि मनुष्यजातीचा नवा दिवस उगवला असें त्याला मनापासून वाटलें. त्यानंतर १७९३ मध्यें त्याचा देश आणि फ्रान्स यांच्यांत युद्ध पेटलें, पॅरिसमध्यें गिलोटिनखालीं माणसें मरूं लागलीं, आणि ज्या राजकीय आशेवर त्याचें तारुण्य उभें होतें ती कोसळली. १७९८ सालीं कोलरिज व तो यांनीं मिळून ‘लिरिकल बॅलड्स’ हा संग्रह काढला, तो या पडझडीनंतरचा आहे. म्हणजे वर्डस्वर्थ निसर्गाकडे वळला तो एक मोठी निराशा पचवितां पचवितां. राजवाड्यांत आणि सभागृहांत जें सांपडलें नाहीं तें तो शेतकऱ्याच्या बोलींत, भिकाऱ्याच्या चालण्यांत आणि डोंगराच्या शांततेंत शोधूं लागला.

परंतु निसर्गानेंही त्याला सुखानें राहूं दिलें नाहीं. त्याचा धाकटा भाऊ जॉन हा ईस्ट इंडिया कंपनीच्या ‘अर्ल ऑफ ॲबरगेव्हनी’ या जहाजावर कप्तान होता. बंगाल आणि चीनकडे निघालेलें हें जहाज ५ फेब्रुवारी १८०५ रोजीं इंग्लंडच्याच दक्षिण किनाऱ्याजवळ बुडालें. जॉनसह अडीचशेंहून अधिक माणसें गेलीं. ज्या सृष्टीवर कवीनें गुरुमाउलीसारखा विश्वास टाकला होता, तिनेंच त्याच्या घरांतला माणूस नेला. पुढें जॉर्ज बोमंट या स्नेह्यानें काढलेलें, तुफानांत सांपडलेल्या पील किल्ल्याचें एक चित्र वर्डस्वर्थच्या पाहण्यांत आलें. त्यावर लिहिलेल्या कवितेंत तो सांगतो कीं, पूर्वीं मीं हें चित्र काढलें असतें तर किल्ल्याभोंवतीं निश्चल, कांचेसारखा समुद्र रंगविला असता. आतां मला हा खवळलेला समुद्रच खरा वाटतो. आणि एवढें सांगूनही कविता संपते ती आशेचा धागा हातीं धरूनच. ही कविता आणि डॅफोडिलांची कविता १८०७ सालच्या एकाच संग्रहांतून प्रसिद्ध झाल्या. आपण मात्र त्यांतील एक उचलून पाठ केली आणि दुसरी ग्रंथालयांत ठेवून दिली!

शेलेची कथा याहून दारुण आहे, आणि वाऱ्याच्या आपल्या विषयाशीं ती अधिक जवळची आहे. १८१८ च्या सप्टेंबरांत व्हेनिस येथें त्याची तान्ही मुलगी क्लॅरा वारली. पुढच्या वर्षीं जूनमध्यें रोम येथें मुलगा विल्यम गेला. त्याच वर्षीं १६ ऑगस्टला मँचेस्टर शहरीं सुधारणेची मागणी करण्यासाठीं जमलेल्या निःशस्त्र लोकांवर घोडेस्वार घालण्यांत आले आणि तीं प्रेतें पडल्याची वार्ता इटलींत शेलेच्या कानीं आली. अशा वर्षाच्या शरदांत, फ्लॉरेन्सजवळ आर्नो नदीकांठच्या रानांत, त्यानें पश्चिमेच्या वाऱ्याला उद्देशून आपलें प्रसिद्ध स्तोत्र रचलें. त्यांतला वारा झाडांचीं वाळलेलीं पानें झोडपून काढतो, पण त्याच झपाट्यांत बियाहि उडवून मातींत नेऊन निजवतो. मोडणारा आणि राखणारा एकच आहे, हें शेलेनें मान्य केलें. वसंत येईल तो या वाऱ्याला चुकवून येणार नाहीं, त्यानेंच पेरलेल्या बियांतून येईल, हें त्याचें गृहीत आहे. शेवटीं तो वाऱ्याला आपल्या ओठांतून भविष्यवाणीची तुतारी होऊन वाजण्याची विनवणी करतो. याला भोळा आनंद म्हणतां येत नाहीं. दोन मुलें पुरून आलेल्या बापाचें तें मागणें आहे. आणि हा कवि तीनच वर्षांनीं, ८ जुलै १८२२ रोजीं, इटलीच्याच किनाऱ्यावर वादळांत नाव बुडून मरण पावला. तेव्हां त्याला तीस वर्षेंही पुरीं व्हावयाचीं होतीं!

ही कविता आपल्याकडे आली ती विद्यापीठाच्या दारानें. मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ ची, आणि पालग्रेव्हचा ‘गोल्डन ट्रेझरी’ हा प्रसिद्ध वेंचा १८६१ चा. वर्डस्वर्थ, शेले, कीट्स या मंडळींस त्या वेंच्यांत मोठें स्थान होतें आणि इंग्रजी शिकणाऱ्या पुढच्या दोन-तीन पिढ्यांच्या हातीं तो राहिला. तरी निसर्गाशीं बोलण्याची रीत आपण सर्वस्वीं बाहेरून आणली असें म्हणणें बरोबर होणार नाहीं. रामगिरीवर अडकून पडलेल्या यक्षानें आषाढाच्या मेघाला निरोप सांगितल्यास शतकें लोटली आहेत. मात्र कालिदासाच्या यक्षाला शापाची मुदत ठाऊक आहे. वर्षाचा अवधि सरला कीं तो अलकानगरीला परत जाणार, हें ठरलेलें आहे; त्याची आशा परतीची आशा आहे. एकोणिसाव्या शतकांतील कवीला अशी कोणतीही मुदत कोणी सांगितलेली नव्हती. जुनें घर मोडत होतें, नवें बांधलें जाईल कीं नाहीं हें अज्ञात होतें, आणि त्याला सृष्टीकडून निरोप हवा होता तो पुढच्या काळाचा. हा बदल मराठींत ज्याच्या लेखणीनें घडविला तो कवि याच कोंकण किनाऱ्यावरचा होता.

कृष्णाजी केशव दामले, म्हणजे केशवसुत, यांचा जन्म १८६६ सालीं रत्नागिरी जिल्ह्यांतील मालगुंड या गांवीं झाला. सिंधुदुर्ग जिल्हा निराळा झाला तो १९८१ मध्यें. केशवसुतांच्या काळीं मालगुंड आणि मिठबाव हीं एकाच जिल्ह्याचीं गांवें होतीं, आणि एकच वारा दोहोंना पाऊस देत होता. केशवसुतांचें शिक्षण रखडत झालें. मॅट्रिक होईपर्यंत १८८९ साल उजाडलें. मग मुंबईंत तुटपुंज्या पगाराच्या नोकऱ्या. १८९६ च्या सप्टेंबरांत मुंबईंत प्लेग प्रगट झाला. १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन मोठे दुष्काळ पाठोपाठ पडले. याच वर्षांत केशवसुत मुंबई सोडून खानदेशांत भडगांव, फैजपूर येथें शिक्षकाचें काम करीत राहिले. तेथून धारवाड, आणि १९०५ च्या नोव्हेंबरांत हुबळी येथें, ज्या रोगापासून ते दूर गेले होते त्याच प्लेगनें त्यांचा अंत झाला. त्याच सुमारास त्यांची पत्नीही त्याच रोगानें गेली. वय अवघें एकोणचाळीस. आपल्या कवितांचें पुस्तक त्यांना डोळ्यांनीं दिसलें नाहीं. तें पुढें हरि नारायण आपटे यांनीं प्रसिद्ध केलें.

या आयुष्याच्या पार्श्वभूमीवर त्यांची ‘नैर्ऋत्येकडील वाऱ्यास’ ही कविता वाचली पाहिजे. घरापासून दूर पडलेला हा कोंकणचा पुत्र आपल्या भूमीवरून येणाऱ्या वाऱ्याशीं बोलतो. शेलेच्या वाऱ्याप्रमाणें हा वारा झोडपणारा नाहीं. तो घरची वार्ता आणि घरचा ओलावा घेऊन येणारा सोयरा आहे. परंतु याच कवीनें १८९३ सालीं ‘तुतारी’ लिहिली. शेलेचें स्तोत्र जेथें संपतें, त्या तुतारीच्या प्रतिमेपाशीं केशवसुतांची कविता सुरू होते. एकानें दुसऱ्याचें अनुकरण केलें असें सुचविण्याचा माझा हेतु नाहीं. लक्षांत घ्यावयाचें तें इतकेंच कीं, शेले वाऱ्याला तुतारी वाजविण्याची विनवणी करतो, आणि केशवसुत तुतारी मागून घेऊन स्वतःच्या श्वासानें ती वाजविण्याचें पत्करतात. जातिभेद, रूढि, जुनें जें मरणाला टेंकलें आहे तें, या सर्वांविरुद्ध त्यांची ती हांक आहे. वाऱ्यांतली शक्ति माणसाच्या छातींत आली! निसर्गानें दिलेल्या आशेचें कर्तव्यांत रूपांतर कसें होतें याचें मराठी कवितेंतील हें पहिलें ठळक उदाहरण मानावें लागेल. आणि तरीही केशवसुतांस विजयाची खात्री कधींच नव्हती. ‘हरपलें श्रेय’ ही त्यांची कविता १९०५ सालची, म्हणजे आयुष्याच्या शेवटच्या वर्षाची आहे. कांहीं अमोल हातचें गेलें आणि त्याचा शोध अजून चालू आहे, ही हुरहूर तिच्यांत भरलेली आहे.

केशवसुतांचे समकालीन रेव्हरंड नारायण वामन टिळक हेही रत्नागिरी जिल्ह्यांतलेच. जन्म करजगांवचा, १८६१ सालचा. फुलामुलांचे कवि म्हणून त्यांची ख्याति आहे, आणि त्या गोड नांवाखालीं त्यांच्या जीवनांतील कढ झांकला गेला आहे. १८९५ सालीं त्यांनीं ख्रिस्ती धर्म स्वीकारला. आप्तेष्ट तुटले, पत्नीचाही कांहीं वर्षें वियोग झाला. त्यांच्या ‘वनवासी फूल’ या काव्यांत संसाराकडे पाठ फिरविण्याची वृत्ति आणि जीवनावर प्रेम करण्याची वृत्ति यांचा झगडा आहे, आणि प्रेमाच्या बाजूचा साक्षीदार म्हणून एक रानफूल उभें आहे. परंतु ‘केवढें हें क्रौर्य’ ही मरणोन्मुख पक्षिणीची कविताही टिळकांचीच. फूल आणि बाण हे दोन्ही त्यांनीं पाहिले होते.

टिळकांच्या घरीं अहमदनगरास जो तरुण मुलासारखा राहिला, तो त्र्यंबक बापूजी ठोंबरे. जन्म १८९० सालचा, खानदेशांतील धरणगांवचा. १९०७ सालीं जळगांवच्या कविसंमेलनांत, वयाच्या सतराव्या वर्षीं, त्याला ‘बालकवि’ ही पदवी मिळाली. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रें’मुळें हा लहरी, प्रेमळ मुलगा आपल्या घरांतलाच होऊन बसला आहे. ‘फुलराणी’, ‘श्रावणमास’, ‘निर्झरास’ या कवितांतील उन्हापावसाचा खेळ मराठी वाचकाच्या रक्तांत भिनला आहे. परंतु ज्यानें हा आनंद गाइला त्यानेंच ‘पारवा’ आणि ‘खेड्यांतील रात्र’ लिहिली. त्याच्या ‘औदुंबर’ या अवघ्या आठ ओळींच्या चित्रांत हिरवें रान, पायवाट आणि गांव ओलांडून दृष्टि शेवटीं काळ्या डोहावर येऊन थबकते. टीकाकारांनीं त्या डोहाचे नाना अर्थ लाविले आहेत. मला त्यांत एक साधी गोष्ट दिसते: झाड त्या काळोखांत पाय सोडून बसलें आहे, पण तें उठून गेलेलें नाहीं. बालकवींचें आयुष्य ५ मे १९१८ रोजीं भादली स्टेशनाजवळ आगगाडीखालीं संपलें. वय सत्तावीस. ज्याच्या गाण्यांवर आपलीं मुलें आनंदाचा पहिला धडा घेतात, त्याच्या वांट्याला वर्षें आलीं तीं एवढींच.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो प्रामाणिक आहे. कवींनीं सोसलें हें कबूल. पण सृष्टींत आशा आहे असें म्हणण्यास आधार कोणता? १७ जुलै १९४७ रोजीं मुंबईहून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट भर पावसाळ्यांत बुडाली आणि सहाशेंहून अधिक माणसें गेलीं. २०२१ च्या मे महिन्यांत तौक्ते वादळ याच सिंधुदुर्गाच्या किनाऱ्याजवळून गेलें. देवगडच्या बंदरांत नांगरलेल्या नौकाही त्यानें सोडल्या नाहींत. ज्या घरांतला माणूस परत आला नाहीं त्या घरीं जाऊन वाऱ्याची स्तोत्रें म्हणावयाचीं काय?

तशीं तीं म्हणूं नयेत, हेंच या कवींच्या उदाहरणावरून दिसतें. भाऊ बुडाल्यावर वर्डस्वर्थनें समुद्र निर्दोष आहे असें म्हटलें नाहीं. त्यानें आपलें जुनें शांत चित्रच खोटें ठरविलें. निसर्ग दयाळू आहे, हा या आशेचा आधार नव्हेच. निसर्ग थांबत नाहीं, हा तिचा आधार आहे. ऋतूला पुढचा ऋतु आहे, बीं मातींत आहे, आणि माणूसही त्या क्रमाचाच एक भाग असल्यानें त्यालाही पुन्हां उठतां येतें, एवढाच तिचा दावा. पुढच्या मराठी कवींनीं या दाव्यांतील माणसाचा वांटा वाढवीत नेला. कुसुमाग्रजांच्या १९४२ सालच्या ‘विशाखा’ संग्रहांतील ‘कोलंबसाचें गर्वगीत’ या कवितेंत समुद्र सरळ प्रतिस्पर्धी होऊन उभा राहतो, आणि आशा वसते ती खलाशाच्या निर्धारांत. मिठबाव ज्या देवगड तालुक्यांत आहे, त्याच तालुक्यांतील धालवलीस १९१८ सालीं जन्मलेल्या विंदा करंदीकरांनीं आपल्या १९५४ च्या संग्रहास नांव दिलें तें ‘मृद्गंध’. पहिल्या पावसानंतर मातीला सुटणारा वास! पीक यावयाचें असतें, बियाणें अजून कणगींत असतें, पुढें पाऊस दगा देईल कीं काय याचा भरंवसा नसतो. पण त्या वासानें शेतकरी नांगराकडे वळतो. आशेचें याहून नेमकें नांव मराठींत मला दुसरें ठाऊक नाहीं.

मग या कवितेचें आपल्या घरांत कोणतें काम आहे? संकटांत सांपडलेल्या माणसाला सगळें ठीक होईल असें सांगणें सोपें आहे, आणि बहुधा तें खोटें असतें. या कवींनीं तें सांगितलें नाहीं. त्यांनीं डोळे मिटले नाहींत, आणि हातही बांधून घेतले नाहींत. मुलांना ‘आनंदी आनंद गडे’ जरूर शिकवावी. परंतु तीं मोठीं झालीं म्हणजे ‘औदुंबर’ही त्यांच्यापुढें ठेवावी, आणि दोन्ही एकाच हातानें लिहिल्या आहेत हें सांगावें. पहिल्या कवितेचें मोल दुसरी वाचल्यावांचून कळत नाहीं.

किनाऱ्यावरच्या माणसाला हें पुस्तकांतून शिकावें लागत नाहीं. सध्यां पश्चिम किनाऱ्यावर जून आणि जुलै हे दोन महिने यांत्रिक नौकांची मासेमारी कायद्यानें बंद असते. कायदा नव्हता तेव्हां ती बंदी वाराच घालीत असे. या बंद दिवसांत रापणीचीं जाळीं पडवींत पसरून तीं दुरुस्त करण्याचें काम चालतें. बाहेर समुद्र गर्जत असतो, वारा कौलें हालवीत असतो, आणि आंत फाटलेल्या जाळ्याचा एक-एक डोळा जोडला जात असतो. श्रावणांत नारळी पौर्णिमा येते, समुद्राला नारळ अर्पण होतो, आणि ज्या पाण्यानें मागें कोणाला नेलें असेल त्याच पाण्यांत होडी पुन्हां लोटली जाते. त्याच्या मायेची खात्री कोणी मागत नाहीं. जाळें मात्र नीट केलेलें असतें.